ओलीचं वजन

१

कचेरीत त्याला सगळे तोलाजी म्हणत आणि त्याला त्याचा राग येत नसे. दुकानादुकानांतले वजनकाटे तपासायचे, खऱ्यावर शिक्का मारायचा, खोटा बंद करायचा, हे काम ज्याने तेवीस वर्षं केलं त्याला लोक दुसरं काय म्हणणार? नुसतं पेन उचललं तरी त्याच्या बोटांना वजन कळे. घरी जेवणाच्या टेबलाच्या कडेला त्याचा स्वतःचा काटा होता, ग्रॅमपर्यंत चोख दाखवणारा, आणि काट्याला खेटून एक जाड वही. सध्या त्या वहीत एकाच गोष्टीची पानं भरत होती: दोन माणसांना पुरेल, सायकलवर नेता येईल, असा हलका तंबू.

बायको शाळेची बस चालवायची. हिवाळ्याची सुट्टी लागली की तीन आठवडे सायकलवरून भटकायचं आणि वाटेत तंबू ठोकून राहायचं, हा बेत तिने तीन वर्षांपूर्वी मांडला होता. पहिल्या वर्षी तोलाजी सायकली तपासत बसला आणि सुट्टी सरली. दुसऱ्या वर्षी सायकलच्या पिशव्यांचा घोळ झाला. गेल्या वर्षी सगळं जमलं, तर त्याने अंथरुणांच्या लेबलांपासून वजन करायला घेतलं. लेबलं कापून अकरा ग्रॅम वाचले, सुट्टी मात्र वाचली नाही.

"यंदा मी तुमच्या वहीत डोकावणारसुद्धा नाही," ती बसची किल्ली बोटात फिरवत म्हणाली. "दोन आठवड्यांनी शाळा बंद. त्या रविवारी सकाळी मी निघाले. आलात तर बरोबर, नाहीतर एकटी. शनिवारपर्यंत तंबू ठरला नाही तर मी दुकानात जाऊन रंग बघून उचलेन."

"रंग बघून? तंबू?"

"हिरवा. मला हिरवा आवडतो."

तोलाजी हसला, पण ती थट्टा करत नव्हती हे त्याला कळत होतं. लेक शिकायला परगावी गेल्यापासून घरातलं बोलणं कमी झालं होतं. सकाळी "डबा घेतलात?" आणि संध्याकाळी "दमलीस?" एवढ्यावर दिवस निघत. ही सफर हुकली तर ती भांडणार नाही. पुढच्या वर्षी फक्त विचारणार नाही. आणि एकदा तिने विचारणं सोडलं की मग काय, याचा आकडा त्याला मांडता येत नव्हता.

२

तंबूंच्या दुकानात एक उंच, बडबडी बाई होती. घरी नेऊन वापरून बघायला ती एकेक तंबू चार-चार दिवस द्यायची.

"काका, दोघांचा म्हणजे दोन शहाण्या माणसांचा हं," ती म्हणाली. "हातपाय झाडणारे असाल तर तिघांचा घ्या."

"तिघांचा चारशे तीस ग्रॅम जास्त भरतो."

"तुम्ही आणखी चार दिवस आलात तर मला नोकरी सोडून तुम्हालाच काउंटरवर बसवावं लागेल."

तोलाजीने तीन तंबू निवडले. पहिला राखाडी, दुसरा पिवळट, तिसरा हिरवा. हिरवा त्याने केवळ वजन बघून घेतला होता, असं त्याने स्वतःला सांगितलं. तिन्हींची आतली रुंदी सारखीच, एकशे पंचवीस सेंटिमीटर. दोन चटया एक्कावन्नच्या, म्हणजे मधे उरले तेवीस.

वजन, रुंदी, काठ्यांची मजबुती हे सगळं कोणीही बघतं. तोलाजीला खरी काळजी होती ओलीची. हलक्या तंबूचं कापड पातळ असतं. आतल्या माणसाचा श्वास थंड कापडावर जाऊन बसतो, त्याचे थेंब होतात आणि पहाटे तेच थेंब अंथरुणावर गळतात. कोणता तंबू किती ओल धरतो हे कोणत्याही माहितीपत्रकात नव्हतं. मग त्याने स्वतःच रीत बसवली. इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला तंबू उभा करायचा. पहाटे साडेचार ते सहा, दोन्ही चेन बंद करून आत पडून राहायचं. बाहेर आल्यावर आतलं सगळं कापड एकाच फडक्याने, एकाच क्रमाने पुसायचं. फडकं आधी तोलायचं आणि नंतर तोलायचं. जेवढं जास्त भरलं तेवढी ओल.

एक दिवस तंबू रिकामा, एक दिवस तो एकटा, एक दिवस ती एकटी, आणि चौथ्या दिवशी दोघं.

"साडेचारला मी नाहीतरी उठतेच," बायको म्हणाली. "तिथे पडेन म्हणा आडवी. पण श्वास मोजून घ्यायला सांगू नका."

३

राखाडी तंबू रिकामा असताना फडकं तीन ग्रॅमने वाढलं. तोलाजी एकटा झोपला तेव्हा तीस. बायको एकटी झोपली तेव्हा सव्वीस. ती बाहेर आली तीच आळस देत. "मस्त झोप लागली. शाळेचं पोर एक नाही आजूबाजूला."

तीस अधिक सव्वीस, छप्पन्न. चौथ्या दिवसाचा आकडा तोलाजीने आदल्या संध्याकाळीच पेन्सिलीने वहीत लिहून ठेवला होता. दोनतीन ग्रॅम इकडेतिकडे होतील म्हणून पेन्सिल.

चौथ्या दिवशी दोघं आत शिरले. ती पलीकडच्या भिंतीला, तो अलीकडच्या. अंग हलवलं की कापड सळसळे, आणि ते थांबलं की टाकीत पाण्याचा एखादा थेंब पडल्याचं ऐकू येई. थंडी होती. उजव्या दंडाला मात्र छान ऊब लागत होती, खांद्यापासून कोपरापर्यंत. आपण दोघं इतके जवळ कधी झोपलो होतो शेवटचं, असा विचार त्याच्या मनात आला आणि त्याला जरा लाजल्यासारखं झालं.

सहा वाजता ती बससाठी पळाली. त्याने फडकं फिरवलं, घरी येऊन तोललं.

त्र्याऐंशी.

त्याने फडकं उचललं, काटा शून्यावर आणला, पुन्हा ठेवलं. त्र्याऐंशी.

संध्याकाळी चहा घेताना त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "सकाळी तू माझ्याकडे सरकली होतीस ना?"

"मी? मी तर भिंतीला चिकटून होते." ती बिस्कीट बुडवत म्हणाली. "जागा होती कुठे सरकायला?"

४

काटा खोटं बोलत नाही, बोलतो तो काट्यापुढचा माणूस. हे वाक्य त्याने नव्या तपासनिसांना इतक्यांदा ऐकवलं होतं की आता ते स्वतःलाच ऐकवावं लागलं. चूक आपली. कुठे ती शोधायची.

कचेरीतून तो प्रमाणित वजनं घेऊन आला, मखमलीच्या खाचांत ठेवलेली, चिमट्याने उचलायची. घरचा काटा चोख निघाला. फडकं मग त्याने इस्त्रीखाली कोरडं केलं. गच्चीची फरशी ओल देत असेल म्हणून तंबूखाली प्लॅस्टिकचा जाड कागद पसरला. दोघांच्या उबेने श्वास वाढत असतील, हेही त्याने लिहून पाहिलं. पण वाढले तरी किती? सत्तावीस ग्रॅम म्हणजे थोडंथोडकं नव्हे. सत्तावीस ग्रॅम म्हणजे...

ते वाक्य त्याने पुरं केलं नाही. वहीतलं तेवढं अर्धवट वाक्य.

पिवळट तंबू आला. रिकामा, दोन. तो, एकतीस. ती, पंचवीस. एकेकटे असले की आकडे कसे शहाण्यासारखे वागत. चौथ्या पहाटे दोघं आत होते, आणि या वेळी त्याने बॅटरी जवळ ठेवली होती. सहा वाजता बायको चेन उघडून बाहेर गेली तसा त्याने पुसायच्या आधी छतावर झोत टाकला.

माणूस उताणा झोपला की त्याच्या तोंडाच्या वर कापडावर ओलीचा एक गोल धरतो. मधे दाट, कडेला विरळ. हे त्याने एकटा असताना नीट पाहिलं होतं. आता डावीकडे, त्याच्या चटईच्या बरोबर वर, एक गोल होता. उजवीकडे, भिंतीकडच्या उतारावर, तिचा.

आणि दोघांच्या मधे एक. बरोबर मधे नव्हे. जरा तिच्या बाजूला.

कापडाला तिथे झोळ असेल, पाणी ओघळून साठलं असेल. त्याने बोट टेकवलं. कापड ताणलेलं होतं, ढोलकीच्या पानासारखं. थेंब बोटावरून मनगटाकडे उतरला. कोमट होता.

फडकं एकोणऐंशी ग्रॅमने वाढलं.

५

सांगायचं कसं? त्याने मनातल्या मनात चारदा सुरुवात केली. "अगं, तंबूत ना..." आणि चारही वेळा पुढचं तिचं उत्तर त्याला स्वच्छ ऐकू आलं. झालं का सुरू? यंदा हे निमित्त का? सायकली झाल्या, पिशव्या झाल्या, लेबलं झाली, आता भूत? तीन वर्षं लांडगा आला रे करणाऱ्याने लांडग्याबद्दल बोलू नये, एवढं शहाणपण त्याच्यापाशी होतं. तोंडातून शब्द निघाला की रविवारी ती सायकलवर टांग टाकणार आणि मागे वळून बघणार नाही.

तरी बुधवारी त्याने खडा टाकून पाहिला. हिरवा तंबू उभा होता, ती दोऱ्या ताणत होती.

"उद्या आपण उलटसुलट झोपू. माझं डोकं दाराकडे, तुझं आत."

"का हो? माझ्या तोंडाला वास येतो?"

"तसं नाही. ओल कुठे धरते ते बघायचंय."

"बघा बाई. बावीस वर्षं संसार केला, आता नवऱ्याच्या पायांशी झोपते." मग दोरीला गाठ मारता मारता ती म्हणाली, "फार बघत बसू नका पण. प्रत्येक गोष्ट बघायची नसते."

तिचा आवाज नेहमीचाच होता. गाठ मारून झाल्यावर तिने ती ओढून पाहिली, आणि दुसऱ्या दोरीकडे वळली.

गुरुवारी पहाटे त्याचं डोकं दाराकडे होतं, तिचं आतल्या टोकाला. दीड तास तो हाताची घडी छातीवर घालून पडला. उजवा दंड उबदार झाला तेव्हा त्याने मान वळवली नाही. तिचे पाय असतील. भिंतीला चिकटून झोपणारीचे पाय इतके अलीकडे, त्याच्या दंडापर्यंत, कशाला येतील, हा प्रश्नही त्याने वळवून ठेवला.

सहाला ती गेली. बॅटरी लावली. दाराकडे एक गोल, त्याचा एकट्याचा. आतल्या टोकाला दोन, शेजारी शेजारी. कडा एकमेकींत मिसळलेल्या.

६

त्या दुपारी त्याने अर्धी रजा टाकली. घरात कोणी नव्हतं. झोपायच्या खोलीत पडदे उघडे, खिडकीतून ऊन थेट पलंगावर आलेलं. बाहेर कोणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं. अशा उजेडात माणसाला भ्यायचं काही कारण नसतं, असं स्वतःला समजावत त्याने चादर काढली.

तंबू बदलून पाहिला, जमीन बदलून पाहिली, डोकी बदलून पाहिली. न बदललेलं काय उरलं होतं, तर ती दोघं. मग ती दोघं जिथे रोज झोपतात तिथे?

कचेरीतली लांब पोलादी पट्टी त्याने गादीवर आडवी ठेवली, या कडेपासून त्या कडेपर्यंत. चौदा वर्षांची गादी. दोन माणसं झोपतात तिथे ती दबते आणि मधे उंचवटा राहतो, हे कोणत्याही घरात दिसेल. पट्टीखाली त्याने छोटी मोजपट्टी घातली. त्याच्या बाजूला एकतीस मिलिमीटर खोल. तिच्या बाजूला, अगदी कडेशी, सव्वीस. ती नेहमी कडेलाच झोपायची. त्याच्या घोरण्याला वैतागून, अशी त्याची समजूत होती.

मधे अठ्ठावीस.

तो पट्टी तशीच धरून बसला. खोली मोठी असते. खिडकी असते, पंखा असतो, दाराखालून वारा येतो. खोलीतली ओल कोण पुसून तोलतं? तंबूने बरोबर काही आणलं नव्हतं. तंबू फक्त लहान होता.

"गादीसुद्धा सायकलवर न्यायची आहे का?"

तो दचकला. बायको दारात उभी होती, हातात बसची किल्ली. ती कधी आली ते त्याला कळलं नव्हतं.

"मधे खोलगट झालीय," तो म्हणाला.

तिने गादीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "होणारच," ती म्हणाली. "रोजची आहे."

तिने त्याच्या हातातली पट्टी घेऊन भिंतीला टेकवून ठेवली, चादर झटकून पसरली आणि कडा खोचल्या. शेवटी मधल्या भागावरून तळवा फिरवला. सुरकुती काढायला म्हणावं तर तिथे सुरकुती नव्हती. लेक तापाने फणफणलेली असताना तिच्या कपाळावरून ती असाच हात फिरवायची.

"शनिवारी शेवटचं बघू," ती म्हणाली. "हिरव्यात. शाळा बंद झालेली असेल, घाई नाही. सातला चढू गच्चीवर. आणि मग तुम्ही मला हो की नाही ते सांगायचं."

"सांगतो."

"नाही म्हणालात तरी चालेल हो," ती मऊ आवाजात म्हणाली. "मी काही रागावणार नाही."

हेच त्याला जास्त लागलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

७

शनिवारी उजाडता उजाडता दोघं गच्चीवर आले. हिरवा तंबू दवाने चमकत होता. तिने चपला काढल्या, वाकून आत शिरली. पलीकडच्या भिंतीपर्यंत सरकत गेल्याची कापडाची सळसळ ऐकू आली. एक दोरी सैल पडली होती म्हणून तोलाजी बाहेर थांबला. खुंटीऐवजी दोरी विटेला बांधलेली होती. वीट सरकवली, दोरी ताणली. हाताला काम होतं तोवर बरं वाटत होतं.

तेवढ्यात समोरच्या इमारतीच्या मागून सूर्य वर आला आणि उजेड तंबूच्या आरपार गेला. पातळ कापड दिव्याच्या काचेसारखं झालं. आत तिची सावली दिसत होती, कुशीवर, भिंतीला पाठ, तोंड मधल्या जागेकडे. मधल्या जागेत सावली नव्हती. त्याने मुद्दाम पाहिलं. काहीही नव्हतं. रिकामी जागा, दोन चटयांमधली, तेवीस सेंटिमीटरची. त्याला इतकं हलकं वाटलं की तो एकटाच हसला.

मग त्याला छत दिसलं. तिच्या तोंडाच्या वर ओलीचा गोल धरत होता, उजेडात गडद दिसणारा. त्याच्या शेजारी, हातभर इकडे, दुसरा. तो बघत असतानाच त्याची कड पुढे आली. थांबली. पुन्हा थोडी पुढे आली. सावकाश, झोपलेल्या माणसाच्या लयीत.

ती एकटी असते तेव्हा एकच असतो, तोलाजीच्या डोक्यातला तपासनीस म्हणाला. पंचवीस ग्रॅम. सव्वीस. आज तर ती एकटीच आहे.

एकटी नाही, त्याला उमगलं. मी आलोय ना. मी दाराशी आहे.

त्याने दोरी सोडली नाही. ती सोडली असती तर कदाचित जिना उतरून गेला असता. आतून तिचा आवाज आला, हळू, त्याला ऐकू जावा म्हणून काढलेला नव्हे. खूप ओळखीच्या, जरा हट्टी कोणाशी बोलावं तसा.

"सरक जरा. त्यांना येऊ दे."

कापड सळसळलं. तिची सावली हलली नव्हती.

टाकीत थेंब पडला. खाली रस्त्यावर कोणीतरी दुकानाचं शटर वर केलं. तोलाजी विटेपाशी उकिडवा बसून राहिला. "नाही" म्हणायला फक्त एक शब्द लागणार होता, आणि ती रागावणार नव्हती. उद्या सकाळी सायकलवर बसून निघाली असती. रोज संध्याकाळी कुठल्या तरी कुरणाच्या कडेला हा हिरवा तंबू उभा केला असता, चपला काढून आत गेली असती आणि चेन लावून घेतली असती. तो इथे, मोठ्या खोलीत, मोठ्या गादीवर. मग ते इथे राहील की तिच्याबरोबर जाईल, हे त्याला माहीत नव्हतं. दोन्हींपैकी कशाची भीती जास्त वाटते, तेही त्याला तोलता येईना.

"अहो," आता तिने मोठ्याने हाक मारली, नेहमीच्या आवाजात. "येताय ना?"

त्याने चपला काढल्या. तिच्या चपलांशेजारी ठेवल्या. गुडघे टेकून, मान खाली घालून तो आत शिरला. त्याची चटई मोकळी होती, अगदी कडेपर्यंत. तो पाठीवर आडवा झाला, मागे हात करून चेन ओढली, आणि नजर छताच्या एकाच शिवणीवर खिळवली. इकडे नाही, तिकडे नाही.

थोड्या वेळाने उजव्या दंडाला ऊब लागली. खांद्यापासून सुरू झाली आणि कोपरापर्यंत आली. या वेळी तिथे थांबली नाही. मनगटावरून खाली उतरली आणि त्याच्या तळव्यात येऊन स्थिरावली.

"बसतंय ना आता?" पलीकडून, लांबून, बायकोने विचारलं.

आणखी कोणी उत्तर देतं का, याची त्याने वाट पाहिली.

"बसतंय," तोलाजी म्हणाला. "हाच घेऊ."